तांब्या भरलेलाच का राहतो?

अंबड सोडल्यावर दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागल्या. मी खिडकीला नाक लावून बसले आणि अर्थातच वडीगोद्री मागे पडलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं गाव तर गेलं की मागं. उतरा जल्दी." मग काय, उन्हातून तंगडतोड.

भाची रेखा तिथल्या एका छोट्या रुग्णालयात बाळंतिणींकडे नर्स आहे. ड्यूटी सांभाळून तिनं एक शोध चालवला होता. डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणतात, बायका मान डोलावतात आणि उशाचा तांब्या संध्याकाळपर्यंत भरलेलाच! मग लघवीला जळजळ, ताप. असं का? बरोबरीच्या नर्स तिला 'शास्त्रज्ञ बाई' म्हणून चिडवत. दुपारी हे सगळं डॉक्टरांपुढे मांडायचं होतं.

"ते हसले तर हे शेवटचं, मावशी. मंग न्हाई विचारणार कुणाला काही," भाकरी-ठेचा माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली. तिनं स्वतः तुकडाही मोडला नाही. मी मात्र दोन भाकऱ्या हाणल्या.

बैठकीला मीही मागे जाऊन बसले. रेखानं आधी स्वतःची चूक सांगितली. तिनं बायकांना त्यांच्या सासवांसमोरच विचारलं होतं. सगळ्यांचं एकच उत्तर, "पेते की बराबर." बाळंतिणीला पाणी बाधतं, ही जुनी समजूतच नडत असणार, असं ती धरून बसली. मग वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी तिची इंजेक्शनं द्यायची कामं आपल्याकडे घेतली. "तू जा, एकेकीशी निवांत बोल," म्हणाल्या. सासू चहाला गेली की रेखा खाटेवर टेकायची. तेव्हा एकेक जण खरं बोलली. वॉर्डातल्या संडासाला आतून कडीच नव्हती. जायलाच लागू नये म्हणून त्या पाणी पीत नव्हत्या.

कुणी हसलं नाही. डॉक्टर खाली बघत म्हणाले, "आन् मी नुसत्या गोळ्याच लिहून राह्यलो." संध्याकाळच्या आत सुतार येऊन कडी ठोकून गेला. वॉर्डात तांबे पुन्हा भरावे लागले, ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

संशोधन म्हणजे मोठ्या शहरांतलं, मोठ्या पदव्यांचं काम, असं मी आजवर समजत आले. परतीच्या गाडीत मला आठवत राहिल्या त्या रेखाची कामं उरकणाऱ्या मोठ्या सिस्टर.

घरी पोचले तोच रेखाचा फोन. आवाजात हसू मावत नव्हतं.

"मावशी, कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई रुसलीय माझ्यावर. म्हणते, सगळ्यांना इचारलं, मलाच का न्हाई इचारलं?"