दोन्ही हातमोजे डाव्याच हाताचे

आधी वाचा, मग मला नावं ठेवा.

सासूबाईंनी मला विणायला शिकवलं आणि माझं चुकलेलं प्रत्येक विणकाम भिशीच्या बायकांसमोर उसवलं. आता त्यांना नीट दिसत नाही. कॉलेजातल्या नातीसाठी त्या बिनबोटांचे हातमोजे विणत होत्या. दोन्ही डाव्याच हाताचे होताहेत, हे मला आठवड्यापूर्वीच कळलं. मी गप्प बसले. वर हाताच्या पाठीकडून लावायला शोभेची बटणंही आणून दिली.

आज वाडीत भिशी होती. सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, घालून दाखवा ना!"

उजव्या हाताची बटणं तळव्यावर आली. "अरे बा, आ शुं कर्युं?" हे काय केलंत, म्हणत भिशीतल्या गुजराती बायका हसल्या. मीही हसले.

सासूबाईंनी बटणं कापली आणि उसवायला घेतलं. "लोकर गुंडाळ," त्या म्हणाल्या. "तुला आधीच दिसलं असणार. मीच शिकवलंय."

मी गुंडाळत बसले. पण खरं सांगू? मला अजूनही वाईट वाटत नाहीये. तुम्हाला वाटलं असतं?