काळजी सोडा म्हणणारा विमा एजंट

आमचा विमा एजंट नवी पेठेत भेटला की नाडी बघितल्यासारखा माझा हात धरतो आणि म्हणतो, "काळजी सोडा साहेब, मी हाय की!" हात सुटेपर्यंत मलाही तसंच वाटतं.

बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. करमाळ्याहून सासरची माणसं बघायला येणार, म्हणून मी ऐटीत एसी खोली घेतली. ती माणसं बसलेली असतानाच हा एजंट शहाळं घेऊन आला, खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "लई झ्याक!" घरी सोडायच्या दिवशी कळलं, की खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेबाहेर गेलं तर कंपनी डॉक्टरांच्या फीसकट सगळ्या बिलालाच कात्री लावते. उरलेल्या बिलापायी बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या.

पुढं त्याचीच आई आजारी पडली. आम्ही दोघं भेटायला गेलो, तर म्हातारी जनरल वॉर्डात.

"एसी खोली नाही घेतली?" मी विचारलं.

"भाड्याला मर्यादा असते की, साहेब. परवडतंय व्हय?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"पाहुण्यांसमोर तुमची छाती एवढी फुगलेली! बोलायला जीव होईना."

बायको म्हणाली, "एवढं एक मात्र भाऊजी खरं बोलले."