पाहुण्यांची तारीख

लातूरच्या त्या कार्यशाळेत मी खुर्चीवर बसले होते असं म्हणवत नाही. नुसती टेकले होते. विषय कामाचा होता: छोट्या प्रकाशकांनी पुस्तकाचा खर्च कसा बांधावा, लेखकाशी करार कसा करावा, विक्रेत्यांच्या विनवण्या न करता वाचकापर्यंत कसं पोचावं. कराराचे नमुने मिळाले, जेवणही बरं होतं. नांदेडात घराच्या पुढच्या खोलीत प्रकाशन चालवणाऱ्या माझ्यासारखीला हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आम्ही सगळे ठेचा खात शिकलेले. पण माझं सगळं लक्ष पायाशी ठेवलेल्या पिशवीत.

प्रत्येकानं आपलं ताजं पुस्तक दाखवायला आणायचं होतं. माझ्या पिशवीत जळकोटच्या बाईंचा कथासंग्रह होता, अजून कागदात बांधलेलाच. बाईंनी मला चौथीत शिकवलं. नोकरीभर त्या गोष्टी लिहीत राहिल्या आणि गाव विचारत राहिलं, बाई, वेळ जात न्हाई का? आता पुस्तक छापून झालं होतं, गठ्ठे माझ्या दिवाणाखाली होते, आणि बाईंनी ते अजून पाहिलंच नव्हतं. आमच्याकडची रीत तशी. रंगीत कागदात बांधलेलं पुस्तक स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते सुटतं; त्याआधी लेखकानंही ते बघायचं नसतं. बाईंना हवे होते ते पाहुणे मोठे, त्यांची तारीख काही मिळेना. त्यांचा पीए दर वेळी म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात कळवतो." आणि इकडे काचबिंदूनं बाईंचा उजवा डोळा गेला होता. डाव्याचा भरवसा डॉक्टर देत नव्हते.

मी फोनवर म्हणायची, "बाई, प्रत पाठवते, वाचून तरी घ्या."

"न्हाई पोरी. गावासमोर सुटू दे. बघू दे एकदा गावाला."

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. जन्मभर टिंगल झालेल्या बाईला शाल-नारळाचा मोह पडला, तर बिघडलं कुठं? पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रात्री दिवाणावर पडलं की खालचे गठ्ठे टोचायचे.

शिकवायला आलेली मुलगी पुण्याची होती. सकाळपासून मी तिच्यावर उगाच चिडून होते, हिला काय कळतं आमच्याकडचं म्हणून. जेवणानंतर तिनं विचारलं, "तुमचं पुस्तक कधी बाहेर येणार, हे कोण ठरवतं?"

नायगावचे एक म्हातारे प्रकाशक म्हणाले, "सायबाचा पीए!"

सगळे खो खो हसले. तीही हसली. मग म्हणाली, "आणि तोवर वाचकानं काय करायचं?"

मी उठले. पिशवी उचलली आणि सरळ बाहेर पडले. प्रमाणपत्रं संध्याकाळी वाटणार होते, राहिलं तर राहिलं.

उदगीरची बस मिळाली. खिडकीला डोकं टेकून पीएला फोन लावला आणि सांगितलं, कार्यक्रम रद्द. "कोणता कार्यक्रम?" त्यानं विचारलं. मी फोन ठेवला. त्याच्यावर रागवायचं त्राणही उरलं नव्हतं. पुढं उदगीरहून जळकोटची गाडी सुटता सुटेना. ड्रायव्हर चहा पिऊन राहिला होता आणि मी गाडीत खाली-वर करून राहिले होते.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. शेजारी सून तूर निवडत होती. मी आल्या आल्या रंगीत कागदातलं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी हात आखडून घेतला.

"अन् पाहुणे?"

"पाहुणे येतील तवा येतील. डोळे थांबणारेत का, बाई?"

माझा आवाज चढला होता. सून निवडायची थांबली. बाईंनी पदर सारखा केला. मग सुनेला म्हणाल्या, "सतरंजी टाक. शेजारणीला हाक मार. हळदी-कुंकू आण."

सतरंजीवर आम्ही चौघी बसलो. पुस्तकाला हळदी-कुंकू लागलं. बाईंनी दोरी स्वतः सोडली, कागद घडी करून बाजूला ठेवला, कव्हरवरून हात फिरवला. पुस्तक उघडून डाव्या डोळ्याजवळ नेलं आणि पहिली गोष्ट मोठ्यानं वाचायला लागल्या. वर्गात वाचायच्या तसंच, ठासून, स्वल्पविरामाला थांबत. शेजारीण तोंडाला पदर लावून ऐकत होती. मला हुंदका आला. वेळेत पोचले, असं वाटून आला.

मी डोळे पुसले आणि बाईंच्या खांद्यावरून पुस्तकात बघितलं. उघडलेलं पान गोष्टीचं नव्हतंच. ते पाहुण्यांच्या शुभेच्छांचं होतं, वर त्यांचा हसरा फोटो. बाई त्या पानावर डोळा रोखून आपली गोष्ट शब्दन् शब्द म्हणत होत्या. एक वाक्य अर्ध्यात असताना त्यांनी शांतपणे पान उलटलं.

मी सुनेकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा तूर निवडायला घेतली. तिला ठाऊक होतं.

गोष्ट संपली. बाईंनी पुस्तक मिटून छातीशी धरलं.

"अक्षरं मोठी घेतलीस पोरी. लई बरं केलंस."

"हाव, बाई," मी म्हणाले. अक्षरं नेहमीच्याच मापाची होती.