बाझिल देल्माचे पाठीमागचे हात

बाझिल देल्मा शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरायचा. फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या त्या लहानशा कंपनीत एकोणीस वर्षं त्याचं हेच चाललं होतं. ठिकठिकाणच्या कारखान्यांतून आलेल्या इंजिनियरांना पाच दिवसांत, तळहाताएवढ्या बोर्डवर लिनक्स चढवायला शिकवायचं. लिफ्ट म्हणा, तिकिटाचं यंत्र म्हणा, गाईचं दूध काढायचं यंत्र म्हणा, हल्ली सगळ्यांच्या पोटात तसला एक बोर्ड असतो. सोमवारी प्रत्येकाच्या हातात एक बोर्ड आणि तो लॅपटॉपला जोडायची तीन वायरींची एक केबल द्यायची, शुक्रवारी ज्यानं त्यानं ते घरी न्यायचं. बाझिलचा नियम एकच होता. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला, बोर्डला, वायरला ट्रेनरनं हात लावायचा नाही. अडलात? अडा.

हा नियम आपल्याला पेरिकार नावाच्या म्हाताऱ्या गुरूनं दिला, असं तो दर सोमवारी सांगे. "तीन दिवस माझा स्क्रीन कोरा होता. म्हातारा मागे उभा राहून नुसता बघत होता, बोट लावलं नाही पठ्ठ्यानं. चौथ्या दिवशी चूक माझी मी शोधली. म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे."

ऐकणारे माना डोलवत. गोष्ट साफ खोटी होती. चौथ्या दिवशी बाझिल कॉफी आणायला गेला, तेवढ्यात पेरिकारनं त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करून ठेवली होती. परत आल्यावर बाझिलनं वायरींचे रंग पाहिले, पेरिकारनं खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्या विषयावर दोघंही कधी चकार शब्द बोलले नाहीत. बाझिलच्या तेव्हाच्या कंपनीत माणसं काढणं चाललं होतं. त्या अदलाबदलीवर त्याची नोकरी वाचली होती.

मार्चच्या कोर्सला सोलांज रुआने आली. वय त्रेपन्न, जवळच्या कास्त्र गावातल्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बेकरीच्या ओव्हनांचे प्रोग्रॅम लिहिणारी. ओळखीच्या फेरीत बाईंनी सगळं सरळ सांगून टाकलं. मालक लाकाझ नवे ओव्हन लिनक्सवर नेणार, त्याला माणूस एकच पुरणार. म्हणून तिला आणि सत्तावीस वर्षांच्या तितुआनला, दोघांनाही पाठवलं होतं. शुक्रवारी चार वाजता लाकाझ स्वतः न्यायला येणार आणि कुणाचा बोर्ड चालतो ते बघणार.

"म्हणजे आम्ही दोघं एकाच गाडीतून आलोय," ती हसून म्हणाली, "पण परत जाताना गाडीत नोकरी एकाचीच असणार."

"असं नको बोलूस गं, सोलांज," तितुआन म्हणाला. पोरगा वाईट नव्हता.

बाझिलच्या कोर्सची चारशे बारा पानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होती. लिनक्सवाल्या लोकांची रीतच ती. पानं कुणीही घ्यावीत, कुणीही वापरावीत, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी. दुरुस्ती बरोबर असेल तर ती नाकारायची नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि त्यानं लिहिलेलं कारण दुरुस्तीबरोबर कायमचं नोंदलं जातं. सोलांजनं ती सगळी पानं छापून, रंगीत चिठ्ठ्या लावून, आधीच घरी वाचली होती. सोमवारी अकराच्या सुट्टीत, सगळे शोकोलातीन, म्हणजे चॉकलेट भरलेले पाव, खात असताना ती म्हणाली, "मस्यू देल्मा, पान दोनशे बारावरची आज्ञा चालणार नाही. तिचा क्रम उलटा झालाय."

करून पाहिलं. खरंच चालेना.

"एकोणीस वर्षं उलटंच शिकवताय की काय?" तितुआन ओरडला आणि वर्ग खो खो हसला.

बाझिलही हसला. बाईंचे आभार मानले, तिथल्या तिथं तिच्या नावानं दुरुस्ती घेतली. पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. चार दिवस त्याच्या मनात तो हशा खदखदत होता.

गुरुवारी सकाळी सगळ्यांनी वायरी काढून बोर्डवर एक तापमान मोजायचा तुकडा बसवला, वायरी पुन्हा जोडल्या, आणि बोर्ड सुरू करणारा नवा प्रोग्रॅम त्याच्या मेमरी कार्डवर चढवला. सोलांजचा स्क्रीन कोरा. प्रोग्रॅम बिघडला तर असाच कोरा राहतो, म्हणून तिनं प्रोग्रॅम पुसला, पुन्हा बांधला. कोराच.

दहा वाजून दहा मिनिटांनी बाझिल तिच्या खुर्चीमागे आला आणि त्याला दिसलं. पांढऱ्या वायरीच्या जागी हिरवी होती, हिरवीच्या जागी पांढरी. बोर्ड व्यवस्थित चालू होता, बोलत होता, फक्त त्याचं बोलणं लॅपटॉपपर्यंत पोचत नव्हतं. पेरिकारच्या वेळची तीच चूक, त्याच दोन वायरी.

त्याला गंमत वाटली. हे झाकण्यात अर्थ नाही. चारशे बारा पानं पाठ करून आलेल्या बाईला एका हिरव्या वायरीनं आडवं पाडलं होतं, आणि हे एकट्या त्याला माहीत होतं. त्यानं हात पाठीमागे आणखी घट्ट धरले.

जेवणानंतर तिनं मान न वळवताच विचारलं, "एवढंच सांगा, वायरी तरी बरोबर आहेत ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"तिन्ही जागेवर घट्ट बसल्यात."

"मग? पान दोनशे बारा तुमचं तुम्ही शोधलंत. हेही शोधाल."

तिला तो धीर वाटला. वायरींचा विषय तिनं तिथंच सोडला आणि प्रोग्रॅम चौथ्यांदा बांधायला घेतला.

शुक्रवारी लाकाझ चारला दहा कमी असतानाच आला, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. तितुआनच्या स्क्रीनवर आकडा होता, एकवीस पूर्णांक चार. लाकाझनं बोर्डवर फुंकर मारली, आकडा वाढला, तो खूश झाला. मग तो सोलांजकडे वळला.

"हे बंद आहे का?"

"चालू असावं. दिसत नाहीये."

"बरं. मीही बेकरीवाल्यांना असंच सांगू का? ओव्हन चालू असावा, पाव भाजलेला दिसत नाहीये?"

दोघं-तिघं हसले. तितुआन आपल्या बुटांकडे बघत राहिला. बाझिल खिडकीजवळ, हात पाठीमागे.

शेवटी सगळ्यांनी अभिप्रायाचा फॉर्म भरला. सोलांजनं बाझिलला पाचपैकी पाच दिले आणि खाली लिहिलं, 'अतिशय धीराचे शिक्षक.' सोमवारी त्यानं ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. महिन्याअखेर बाईंची नोकरी गेली.

मे महिन्यात एक दुरुस्ती आली. आलेल्या दुरुस्त्या ऑफिसातले सगळेच वाचतात. ओदिलनं, म्हणजे पलीकडच्या टेबलावरच्या ट्रेनरनं, ती मोठ्यानं वाचली.

"पान एकशे चौदा, एक ओळ वाढवावी: स्क्रीन कोरा असल्यास सर्वांत आधी हिरवी आणि पांढरी वायर अदलाबदल करून पाहा. कारण: बोर्ड घरी नेल्यावर वायरी बदलून पाहिल्या. बोर्ड स्वतः ठेवतो त्या नोंदवहीत गुरुवार-शुक्रवारच्या सतरा नोंदी आहेत. सतराही वेळा तो नीट सुरू झाला होता. दुसरं कारण: कोऱ्या काळ्या स्क्रीनमध्ये मागे उभ्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो. तो वायरींकडे बघून हसला, तेही दिसतं. तेव्हा अर्थ कळला नव्हता. सोलांज रुआने."

ओदिलनं वर पाहिलं. "दुसरं कारण कशाबद्दल आहे रे?"

"काय माहीत."

"दुरुस्ती मात्र बरोबर आहे. घे आत."

बाझिलनं ती घेतली. नाकारता आलीच नसती. नाव, ओळ, दोन्ही कारणं, सगळं जगाला वाचायला खुलं झालं, आणि पुसायची सोय त्याच्या लोकांनी ठेवलेलीच नाही.

जूनच्या कोर्सला गुरुवारी एका मुलीचा स्क्रीन कोरा राहिला. बाझिल तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिनं पान एकशे चौदा काढलं, दोन वायरी बदलल्या, आणि स्क्रीनवर अक्षरं धावू लागली.

"मिनिटात झालं!" ती मागे वळली. "ही ओळ कुणाची हो? फार उपकार झाले. कुठं असतात त्या?"

कुठं असते ते बाझिलला माहीत होतं, तितुआननं कळवलं होतं. कास्त्रच्या एका बेकरीत ती ओव्हनमध्ये पाव भरते. ओव्हन लाकाझच्याच कारखान्याचा आहे, नवा, तितुआनच्या प्रोग्रॅमवर चालणारा.

"माहीत नाही," बाझिल म्हणाला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला.