नवव्या मजल्याचं दार

आमच्या इमारतीला अग्निशमन विभागाची नोटीस आली, तेव्हा सोसायटीच्या बैठकीत पहिली चर्चा झाली ती नोटीस घेतली कुणी यावर. वॉचमननं सही करून ती घ्यायलाच नको होती, असं तिघाचौघांचं म्हणणं पडलं. बीड बायपासवरची बारा मजली इमारत, सगळी शिकलेली माणसं, आणि अक्कल ही अशी. नोटिशीत एवढंच होतं की जिन्याची दारं साध्या प्लायवूडची आहेत, त्यांच्यातल्या काचा साध्या आहेत, त्या जागी आगीत टिकणारी दारं बसवा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी नवव्या मजल्यावर राहतो. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, निवृत्त झाल्यावर गंगापूरकडची शेती भावाकडे सोपवली आणि आम्हा दोघांसाठी हा फ्लॅट घेतला. नववा मजला बायकोनं निवडला, वारं लागतं म्हणून. वर्षभरातच तिला अर्धांगवायू झाला आणि तिची उजवी बाजू गेली. मग ती पलंगावर आणि पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, एवढंच तिचं जग उरलं. लिफ्ट बंद असली की तिला खाली न्यायला चार माणसं लागायची. आग लागली की लिफ्ट बंदच करतात, हे मात्र नोटीस वाचेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अग्निशमनच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांना सरळ विचारलं, "ज्याला जिना उतरताच येत नाही, त्यानं काय करायचं?"

ते म्हणाले, "त्याच्यापर्यंत धूर पोचू द्यायचा नाही. आगीत माणूस जळायच्या आधी धुरानं जातो, काका. जिन्याचं दार चांगलं असलं आणि लागलेलं असलं, तर दोन तास निघतात. तेवढ्यात आम्ही वर येतो."

ते दोन तास मनात धरून मी घरी आलो. सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणालाच नको होतं, ते मी मागून घेतलं.

दारं निवडणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. लोखंडी पत्र्याचं जड दार आणायचं, लाल रंग मारायचा, झालं. पहिल्या विक्रेत्यानं दारावरचा स्टिकर दाखवला, एकशेवीस मिनिटं. मी चाचणीचा कागद मागितला, तर तो निघाला भलत्याच मापाच्या आणि बिनकाचेच्या दाराचा. दुसरा म्हणाला, दार आमचं घ्या, चौकट सुताराकडून करून घ्या, काच कुठूनही बसवा. सरकारी नोकरीत मी पुष्कळ ठेकेदार पाहिलेत, त्यामुळे माणूस कुठं थाप मारतो ते मला वासावरून कळतं. दार, चौकट, काच, बिजागऱ्या आणि दार आपोआप ओढून लावणारा क्लोजर हे सगळं एकत्र जोडून भट्टीत तपासलेलं असेल तरच त्या दोन तासांना अर्थ आहे. चार दुकानांतून गोळा केलेलं दार आगीत चार दिशांना सुटतं.

काचेवरून तर भांडणंच झाली. दारात काच हवीच, नाहीतर पलीकडून येणाऱ्याच्या तोंडावर दार बसायचं. पण कोणती? वाळूजकडच्या एका शेडमध्ये तिसऱ्या विक्रेत्यानं मला दोन तुकडे दाखवले. मूळचा शहागंजचा माणूस, गोड दखनी बोलणारा. त्यानं पहिल्या तुकड्याच्या एका बाजूनं गॅसची ज्योत धरली आणि मला म्हणाला, "साब, पीछे हाथ रखो." ज्योत अलीकडे आली नाही, काच फुटली नाही, पण हात मला लगेच काढावा लागला. मग दुसरा तुकडा. ज्योत लागताच ती काच हळूहळू दुधासारखी पांढरी झाली, आणि माझा तळहात पलीकडे तसाच राहिला. तो म्हणाला, "पैली वाली आग रोकती, गर्मी नई रोकती. ये दोनों रोकती."

मी दुसरी निवडली. ती महाग होती. बैठकीत पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काका, काचेला हात लावून कोण उभं राहणारे तिथं?" सगळे हसले. मी हसलो नाही. माझी बायको त्या काचेपासून दहा पावलांवर झोपलेली असते, हे त्यांना सांगताना माझा आवाज चढला. पुढच्या काही महिन्यांत सगळ्यांकडून वर्गणी निघाली. ती कशी निघाली ते सांगत बसत नाही.

दारं बसली त्या दिवशी मी बायकोला खुर्चीत बसवून जिन्यापर्यंत नेलं. दार पूर्ण उघडून सोडलं. ते सावकाश आलं, शेवटच्या वितीला जरा जोर धरला आणि खट्‌ करून बसलं. चौकटीच्या कडेनं एक पट्टी होती, ती तापली की फुगते आणि फटी बुजवते, तीही मी तिला दाखवली. तिचं बोलणं जड झालं होतं, पण मला कळायचं. ती म्हणाली, "माझ्यापायी लोकांना लई त्रास दिला तुम्ही."

"तुझ्यापायी कशाला? नोटीस होती," मी म्हणालो.

त्यानंतर मी इमारतीच्या डोक्याला ताप झालो. जिन्यात कुणी चपलांचं कपाट ठेवलं की भांडायचो. दाराला कुणी वीट लावली की ती उचलून त्यांच्याच उंबऱ्यावर नेऊन ठेवायचो. पडेगावहून एक मावशी बायकोचं करायला दिवसभर यायच्या, त्यांना मी पाठ करायला लावलं होतं : धूर दिसला की ताईला हलवायचं नाही, आधी जिन्याचं दार लागलंय का बघायचं. मावशी कंटाळून म्हणायच्या, "व्हय साहेब, समजलं. आधी दार."

मग उन्हाळा आला आणि पाण्याचे हाल सुरू झाले.

आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते बाहेरच्यांना सांगितलं तर थट्टा वाटते. त्या उन्हाळ्यात आठवडा उलटला तरी पाळी येईना. सगळा भार टँकरवर. टँकर खालच्या टाकीत रिकामा व्हायचा, मोटर थोडा वेळ चालायची, आणि तेवढ्यात ज्यानं त्यानं जमेल तितकं भरून ठेवायचं. नवव्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार. आणि आमच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस. तिच्या चादरी, तिचे कपडे, तिला पुसून घेणं, सगळं रोज. बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरूनही पुरेना. बायकोला याची फार लाज वाटायची. चादर खराब झाली की ती आधी मावशींना विचारायची, पाणी किती उरलं गं?

म्हणून मी दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला. घरात ठेवला असता तर तिची खुर्ची वळत नव्हती. बाल्कनीत आधीच कूलर होता. उरली फक्त जिन्यापुढची जागा, आणि तिथंही तो एकाच कोपऱ्यात मावायचा. तिथं ठेवला की जिन्याचं दार त्याला टेकून उघडंच राहायचं.

मी टेप घेऊन तीनदा मोजलं, याची मला आजही लाज वाटते. तीन बोटं जागा कमी पडत होती. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, पाऊस लागला की काढू, असं म्हणून मी तो तिथंच ठेवला. ज्या दारासाठी मी सगळ्यांशी वैर घेतलं ते दार मीच अडवलं, आणि ज्या माणसासाठी ते बसवलं त्याच माणसासाठी अडवलं.

आठवड्याभरात मजल्यामजल्यावर ड्रम आले. मी पाचव्या मजल्यावर हटकलं, तर ते गृहस्थ हसून म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुमचा हलवा, आमचाही हलवतो." मी खाली मान घालून वर आलो.

पाणी आलं की स्वयंपाकघरातल्या नळावरून बादली भरायची आणि उचलून जिन्यापुढच्या ड्रमात ओतायची, हे काम माझं. मावशींना मी हात लावू देत नव्हतो, त्यांना बाकीची कामं पुष्कळ होती. माझी पाठ आधीचीच दुखरी. बायको पलंगावरून मला जाताना-येताना बघायची. दर खेपेला तिची नजर माझ्याबरोबर दारापर्यंत यायची.

एका दुपारी मी टँकरचा नंबर लावायला महापालिकेच्या पाण्याच्या टाकीवर गेलो होतो. रांग मोठी, ऊन डोक्यावर. तिथं वॉचमनचा फोन आला : खाली मीटरच्या खोलीत जाळ झालाय, जिन्यात धूर भरलाय. मी म्हणालो, नवव्या मजल्यावर जा. तो म्हणाला, जिन्यात शिरता येत नाही, साहेब.

मी पोचलो तेव्हा अग्निशमनची गाडी आली होती. आग तशी छोटीच होती, त्यांनी लवकर विझवली. माझ्या मागोमाग तेही वर आले. नवव्या मजल्यावरचं जिन्याचं दार लागलेलं होतं. नीट, चौकटीत बसून, कुठं फट नाही. ते बघून मला क्षणभर इतका आनंद झाला की मी त्या दाराला हात लावला. मग ढकलून आत गेलो.

आत धूर कोंडलेला होता. घराचं दार सताड उघडं. ड्रम अर्धाअधिक रिकामा, कोपऱ्यातून ओढून बाजूला घेतलेला. स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत बादल्या, टब, घमेली, सगळं काठोकाठ भरलेलं, आणि वर काजळीचा तवंग. मावशी पलंगापाशी खाली बसून खोकत होत्या. बायकोच्या तोंडावर त्यांनी ओला पदर धरला होता.

मावशींनी मी पढवलं होतं तेच केलं होतं. धूर दिसल्यावर आधी दार लावायला गेल्या. दार लागेना, कारण मध्ये ड्रम. भरलेला ड्रम त्यांना हलेना. मग त्या एकेक बादली काढून घरात आणून ओतत राहिल्या, ड्रम हलण्याइतका हलका होईपर्यंत. तेवढा वेळ धूर आत येत राहिला.

दवाखान्यात बायको आठवडाभर होती. फुप्फुसं आधीच कमजोर, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर न्यूमोनिया लिहिला. आगीत जीवितहानी नाही, असं सगळीकडे नोंदलं गेलं, आणि ते खरंही धरलं गेलं. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत एकाच कागदावर दोन ठराव होते : तिला श्रद्धांजलीचा, आणि चांगली दारं निवडल्याबद्दल माझ्या आभारांचा. पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दुसरा ठराव खोडायला लावला. कारण कुणी विचारलं नाही.

मला एकाच माणसाशी बोलायचं होतं. दिवसकार्य आटोपल्यावर मावशी आपला डबा आणि चप्पल न्यायला आल्या. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना दारातच उभं केलं. इतके दिवस जे गिळून बसलो होतो ते बाहेर आलं. मी ओरडलो, "ड्रम आडवा का नाही केला? एक धक्का दिला असता तर पाणी वाहून गेलं असतं, दार लागलं असतं! बादल्या कसल्या भरत बसला होतात तुम्ही? पाणी मोठं का माणूस मोठं?"

त्या म्हणाल्या, "आडवाच करत होते, साहेब. धरला बी होता काठाला."

"मग?"

"ताईनं बघितलं पलंगावरून. जीव खाऊन वरडल्या. म्हनल्या, सांडू नको गं. ह्यांनी पाठ मोडून भरलंय."

मावशी डबा घेऊन जिन्यानं उतरून गेल्या. मी दारातच उभा राहिलो. त्यांच्यावर रागवायचं, एवढ्या एका गोष्टीवर मी ते दिवस काढले होते. आता रागवायला कुणी उरलं नाही.