पाचव्या बोटाचा माग

मंद्रूपला आमच्या शेजारी मायाक्का राहते. जन्म मेंढरांमागं गेला, पण जीव सगळा कोंबड्यांत. कुणाची कोंबडी खुडूक झाली, की तिच्याखाली अंडी किती आणि कधी ठेवायची, हे लोक मायाक्काला विचारतात. लांडग्याला न भिणारी ही बाई एकदा कोंबडीच्या पिलाला भ्याली, ते सांगतो.

दिवाळीत ग्रहण आलं होतं ना, त्या वर्षीची गोष्ट. सून पूनम सात महिन्यांची. पोटुशीनं ग्रहणात चिरू-कापू नये, म्हणून मायाक्कानं तिला घरात बसवलं आणि स्वतः मेंढरांकडं गेली. बसून बसून पूनम कंटाळली. विळी घेतली, चार वांगी चिरली. शेजारीच डालग्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.

दहा दिवसांनी नऊ पिलं निघाली. कोंबडीला पुढं तीन बोटं, मागं एक. यातल्या पाच पिलांना मागं दोन! मायाक्कानं हातातलं पिलू झटकन खाली ठेवलं. पूनमनं रडत वांग्यांचं कबूल केलं. झालं, दोघींनाही घास गिळेना.

"माज्या नातवंडाचं कसं हुईल वो, तात्या?"

मी सातवी पास. म्हटलं, "अगं, विळी चालली वांग्यावर. अंड्याला काय कळतंय?"

"तुमास्नी लई कळतंय की! मोजा मग बोटं."

"मोजतो. आदी सांग, अंडी कुटली?"

"कुंभारीची, दानम्माची. आमचा कोंबडा जत्रंत कापला न्हवं का?" दानम्मा म्हणजे तिची धाकटी बहीण.

"मग पिलांचा बाप बगितलास?"

एवढी जाणती बाई, पण बाप बघायचाच राहिला होता!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एसटीनं सोलापूर आणि तिथून कुंभारी गाठली. कोंबडा उकिरड्यावर ऐटीत उभा. त्याला धरताना मी दोनदा आपटलो, दानम्मा हसून हसून बेजार. शेवटी सापडला. शाळेत गुरुजी आमची नखं तपासायचे, तसा त्याचा पाय हातात घेतला. पुढं तीन, मागं दोन!

"ह्याच्या बापालाबी व्हती की, अक्का," दानम्मा म्हणाली. "ह्या तलंगा बग, ह्याच्याच पोरी. काहींना हायत, काहींना न्हाईत."

"कवा निगाल्या ह्या?"

"श्रावणात."

"तवा कुटलं आलंय गिराण!" म्हणत मायाक्का तिथंच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माझा फोन ओढून घेऊन ओरडली, "पूनम, बापावर गेल्यात गं पिलं! जेव आदी, पोटभर जेव!"

पौषात नात झाली. मी मुद्दाम विचारलं, "मोजलीस न्हवं बोटं?"

"मोजली की. ईस भरली. एकईस भरली असती, तर तुमास्नी घिऊन पूनमच्या म्हायेरी गेले असते, समद्यांचे पाय बगाय."