पाय सुकेपर्यंत

माझ्या सासऱ्यांचा एक नेम होता. शेतातून येवोत, बाजारातून येवोत, नाहीतर नुसते परसात जाऊन येवोत, विहिरीवर पाय धुतल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. पुसत मात्र कधी नसत. ओला पाय म्हणजे स्वच्छ पाय, ही आमच्याकडची जुनी समजूत. त्या ओल्या पायांचीच ही गोष्ट आहे आणि मी ती रागातच सांगणार आहे, कारण राग अजून गेलेला नाही.

आमचं घर चिऱ्याचं, धामापूरच्या अलीकडे. शेणाची जमीन माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि तिच्या जागी गुळगुळीत लादी आली होती. पावसाळ्यात त्या लादीला घाम फुटायचा. सकाळी पुसावी, तर दुपारी पुन्हा ओली. एका आषाढात त्या घामावरून बाबा, म्हणजे सासरे, घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. नवऱ्याने हाय खाल्ली. बाप दिसला की त्याची नजर आधी त्यांच्या पायांकडे जायची.

तो ओरोसला कचेरीत आहे. तिथल्या कुणा साहेबाच्या नव्या घरात त्याने लाकडी जमीन पाहिली. पाय घसरत नाही, थंडी लागत नाही, म्हाताऱ्या गुडघ्यांना बरी. झालं, त्याने मनावर घेतलं. माजघरात सागवान आणि बाहेरच्या खोलीत व बाबांच्या खोलीत बांबूच्या पट्ट्या. शेजारची काकी बघायला आली आणि म्हणाली, "बांबू तिरडीक लागता गो, घरात खंय आंथरतत?" त्यावर बाबाच हसले. म्हणाले, "ह्येची तिरडी कोणाक परवडाची नाय."

खोटं कशाला बोलू, मलाही ती जमीन आवडली होती. हिवाळाभर तिच्यावर अनवाणी चालताना बरं वाटायचं. बांबूचा रंग वाळलेल्या पेंढ्यासारखा, सागवानाचा त्याहून गडद. विळी जमिनीवर ठेवून नारळ खवायचा नाही, खुर्च्यांच्या पायांना कापड बांधायचं, मासळीचं पातेलं मागच्या दारानेच न्यायचं, एवढं मी शिकले. बाबा तर भिंतीला हात न लावता चालू लागले. बसवायला आलेल्या माणसांनी जाताना एकच गोष्ट बजावली होती, पाणी सांडू देऊ नका. मिरगापर्यंत त्यात अवघड असं काही वाटलं नाही.

मग पाऊस लागला. सागवानाने पहिला पावसाळा निभावला, बांबूने मान टाकली. बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या पट्ट्या फुगल्या, त्यांच्या कडा वर आल्या, आणि उंबऱ्यापासून बाबांच्या खोलीपर्यंत काळे डाग पडले. ते डाग कुणाच्या पायांचे, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"बाबा, पाय पुसून येवा. पाणी पडता," नवरा आधी हळूच म्हणायचा. मग दाराशी गोणपाट आलं, मग जाड पायपुसणं, मग दोरीवर टॉवेल. बाबा पुसायचे, पण वाकता येत नसल्यामुळे बोटांच्या बेचक्यात पाणी राहायचं. संध्याकाळी नवरा कचेरीतून आला की दिवा लावायच्या आधी जमीन बघायचा. एकदा पाहुण्यांच्या देखत तो ओरडला, "किती येळा सांगाचा तुमका? लहान पोर आसात काय तुमी?" बाबा दारातच थांबले. हातातली काठी त्यांनी उचलून धरली होती, तिचंही पाणी गळू नये म्हणून. मला इतकी लाज वाटली की चहा आणायच्या निमित्ताने मी आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पाय धुऊन पडवीच्या पायरीवर बसू लागले, पाय सुकेपर्यंत. आमच्याकडे श्रावणात दोरीवरचं धोतर चार दिवस सुकत नाही, तिथे म्हाताऱ्याचे पाय काय सुकणार! मला हाक मारायचे आणि पाऊल पुढे करायचे. "बाय, सुकले काय बघ गो." मी पदराने पुसायला गेले की पाय आखडून घ्यायचे. सुनेने पायांना हात लावणं त्यांना आवडत नसे.

हळूहळू त्यांचं आत येणंच कमी झालं. आधी चहा पडवीत, मग जेवण पडवीत. गणपतीत घर माणसांनी भरलं, भजनाला आलेल्यांनी चिखलाच्या पायांनी ती जमीन तुडवली, तेव्हा नवरा कुणाला अवाक्षर बोलला नाही. बाबा मात्र पडवीतूनच आरतीला हात जोडत होते. चतुर्थी सरली आणि त्यांनी स्वतःच खाट पडवीत मागून घेतली.

तेव्हा मी नवऱ्याशी भांडले. "बापासाठी जमीन केलंस आणि बापूसच भायर!"

"मी खंय त्येंका भायर काढलंय?" तो म्हणाला. ते खरंच होतं. त्याने काढलं नव्हतं. चांगलं करायला गेलेल्या माणसाला आपण वाईट केलं हे पटवणं फार कठीण. तरी चार दिवसांनी तो पडवीत जाऊन बसला. खाली बघत म्हणाला, "बाबा, आत चला. जमीन गेली खड्ड्यात."

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नाय रे, मी हयच बरो आसंय. माका वारो लागता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी निभावून नेलं असतं.

परतीच्या पावसाचे शिंतोडे पडवीत खाटेपर्यंत येत. नवऱ्याने ताडपत्री बांधली, पण ओल राहिलीच. बाबांच्या छातीत कफ साठला. ओरोसला दाखल केलं, सलाईन झालं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्यांना आणलं ते थेट त्यांच्या खोलीत. उचलून आणल्यामुळे पाय धुवायचा प्रश्न नव्हता. ते डोळे मिटून होते, हाकेला नुसती मान हलवायचे.

एका दुपारी श्वास बदलला. काकी म्हणाली, आता खाली घ्या, खाटेवर जीव जाऊ नये. खाली शेणाने सारवलेली जमीन हवी, हेही तीच म्हणाली आणि पायाखालच्या बांबूकडे बघू लागली. नवरा उठून गोठ्यात गेला, शेण घेऊन आला, आणि गुडघ्यांवर बसून त्याने ती बांबूची जमीन आपल्या हातांनी सारवली. मी त्यावर चटई घातली. आम्ही तिघांनी बाबांना खाली घेतलं.

नवऱ्याने तुळशीचं पान बुडवून त्यांच्या तोंडात पाणी घातलं. थोडं आत गेलं, बाकीचं ओठांच्या कडेने मानेवरून खाली, चटईपलीकडे सारवायच्या राहिलेल्या बांबूवर सांडलं. बाबांचा तिकडचा हात हलला. बोटं चाचपडत त्या ओल्या जागेपर्यंत गेली, आणि ते तळहाताने जमीन पुसू लागले.

"ऱ्हवांदे बाबा, ऱ्हवांदे," नवरा म्हणाला, आणि त्याने तो हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या मुठीतही तो हात पुसतच राहिला.